देशी पेटंट अर्जांची प्रदेशवार तुलना: आकडा उतरवण्याआधी काय तपासायचं

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, एकाच वार्षिक अहवालात २०२३ सालची भारताची पेटंट अर्जांची वाढ दोन ठिकाणी वेगवेगळी दिसते. एका तक्त्यात १५.७ टक्के, दुसऱ्यात १७.२ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला भारतातल्या अर्जदारांनी जगभरात कुठेही केलेल्या अर्जांचा आहे. दुसरा भारताच्या पेटंट कार्यालयात जगातून कोणीही केलेल्या अर्जांचा आहे. आणि गंमत म्हणजे, 'देशी अर्ज किती वाढले?' या प्रश्नाचं उत्तर या दोन्हींपैकी एकातही नाही.

हा फरक मुंबईकराला घरच्या उदाहरणावरून पटकन कळेल. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातल्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत महाराष्ट्रासोबत गुजरात, मध्य प्रदेश, गोवा, छत्तीसगड आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेली येतात. म्हणजे मुंबई कार्यालयात आलेले अर्ज हे महाराष्ट्राचे अर्ज नव्हेत. तिथे सुरतेच्या कारखान्याचाही अर्ज असतो आणि मुंबईतला वकील नेमलेल्या स्विस कंपनीचाही. अर्ज कुठे आला आणि अर्ज कोणी केला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय लागली की पुढचं बरंचसं काम सोपं होतं.

हा लेख पेटंट एजंटच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी, अंधेरी-पवईकडच्या विश्लेषण कंपन्यांत नव्याने लागलेल्यांसाठी, प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि अर्थविषयक बातम्या करणाऱ्यांसाठी आहे.

आधी जवळ काय ठेवायचं

- वायपोच्या सांख्यिकी डेटा सेंटरमधून उतरवलेली सीएसव्ही फाइल. ती मोफत मिळते.
- भारताच्या पेटंट महानियंत्रकांच्या कार्यालयाचे वार्षिक अहवाल, निदान मागच्या दहा वर्षांचे. देशी-परदेशी विभागणी आणि राज्यवार तक्ते त्यांत असतात.
- युरोपीय पेटंट कार्यालयाची, म्हणजे ईपीओची, देशवार वार्षिक आकडेवारी.
- वर्ल्ड बँकेकडची लोकसंख्या आणि क्रयशक्तीनुसारचं जीडीपी.
- एक्सेल किंवा लिबरऑफिस. पिव्हट टेबल येत असेल तर दुसरं काही लागत नाही.
- 'व्याख्या' नावाची एक वेगळी शीट. प्रत्येक आकडा कुठून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या व्याख्येने घेतला ते तिथे लिहायचं. ही शीट टाळली तर महिनाभराने स्वतःचाच तक्ता स्वतःला समजत नाही.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'आशिया पुढे आहे का?' हा प्रश्न मोजता येत नाही. '२०१३ ते २०२३ या काळात प्रत्येक प्रदेशातल्या रहिवासी अर्जदारांनी स्वतःच्या देशाच्या कार्यालयात किती पेटंट अर्ज केले?' हा मोजता येतो. देशी अर्ज म्हणजे हेच: अर्जदार त्या देशाचा रहिवासी आणि अर्जही त्याच देशाच्या कार्यालयात. वायपोच्या भाषेत 'निवासी अर्ज'. परदेशी माणसाने इथे केलेला तो 'अनिवासी', आणि इथल्या माणसाने बाहेर केलेला तो 'परदेशातला अर्ज'. या तीन डब्यांपैकी तुमचा कोणता, ते आधीच ठरवा.

अर्ज आणि मंजूर पेटंट यांची गल्लत करू नका. मंजुरीचा आकडा कार्यालयाच्या वेगावर चालतो. परीक्षक वाढले, जुने अर्ज निकाली निघाले की मंजुरी उसळते. संशोधन वाढलं म्हणून ती उसळलेली नसते.

२. 'निवासी' कोणाला म्हणतात ते तपासा

वायपोच्या मोजणीत अर्जावर पहिलं नाव असलेल्या अर्जदाराचा देश धरला जातो. अमेरिकेचं कार्यालय स्वतःच्या तक्त्यांत मात्र पहिल्या संशोधकाचा पत्ता धरतं. म्हणून अमेरिकेचा आकडा एका ठिकाणाहून आणि भारताचा दुसरीकडून घेतला, तर तुलना पहिल्याच पायरीवर फसते.

आपल्याकडे याचा मोठा परिणाम होतो. समजा, ऐरोलीतल्या एका परदेशी कंपनीच्या केंद्रात मराठी अभियंत्यांनी शोध लावला. पेटंट कायद्याच्या कलम ३९ मुळे भारतातल्या रहिवाशाला आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, किंवा बाहेर अर्ज करण्याची परवानगी घ्यावी लागते. कंपनीने अर्ज इथेच केला, पण अर्जदार म्हणून मूळ अमेरिकी कंपनीचं नाव घातलं. आता डोकं इथलं, काम इथलं, अर्जही इथला, तरी तो मोजला जाणार अनिवासी म्हणून. भारताच्या देशी आकड्यात हे काम दिसतच नाही.

कॅनडात उलट चित्र आहे. तिथले बरेच अर्जदार पहिला अर्ज थेट अमेरिकेत करतात, कारण बाजार तिथे आहे. त्यामुळे कॅनडाच्या कार्यालयात निवासी अर्ज साधारण आठात एक एवढेच असतात. यावरून कॅनडात संशोधन कमी होतं असं म्हणणं चूक ठरेल. निवासी आकडा घरच्या कार्यालयात अर्ज करण्याची सवय दाखवतो, संशोधनाची ताकद त्यातून थेट वाचता येत नाही. माझ्या मते या विषयातल्या निम्म्याहून अधिक चुका हे विसरल्यामुळे होतात.

३. डेटा उतरवताना

१. वायपोच्या डेटा सेंटरमध्ये 'पेटंट' निवडा. त्यातलं एकूण पेटंट अर्जांचं निर्देशक घ्या, म्हणजे थेट अर्ज अधिक पीसीटीच्या राष्ट्रीय टप्प्यातले अर्ज. पीसीटी हा करार आहे: आधी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा आणि नंतर हव्या त्या देशाच्या कार्यालयात तो न्यायचा, हाच राष्ट्रीय टप्पा.

२. अहवालाचा प्रकार निवडताना 'कार्यालय आणि अर्जदाराचा देश' या दोन्हींनुसार विभागलेली मोजणी घ्या. नुसती 'कार्यालयानुसार एकूण' घेतली तर निवासी-अनिवासी वेगळे काढता येत नाहीत.

३. दहा नव्हे, पंधरा वर्षं उतरवा. सुरुवातीची पाच वर्षं आलेखात दाखवायची नसली तरी मालिका कुठे तुटली, म्हणजे मोजणीची पद्धत कुठे बदलली, ते पाहायला लागतात.

४. रिकामे रकाने शून्य समजू नका. आफ्रिकेतल्या आणि काही कॅरिबियन देशांच्या कार्यालयांनी त्या वर्षी आकडे कळवलेलेच नसतात. एक्सेलची बेरीज त्यांना गुपचूप शून्य धरते आणि त्या प्रदेशाची खोटी घसरण दिसते. असे रकाने रंगवून ठेवा आणि ज्या वर्षी दोन-तीन मोठी कार्यालयं गायब आहेत, त्या वर्षी प्रदेशाची बेरीज देऊच नका.

पीसीटीचे आंतरराष्ट्रीय अर्ज या बेरजेत वरून मिळवायचे नाहीत. ते राष्ट्रीय टप्प्यात आले की त्या कार्यालयाच्या खात्यात पडतातच, फक्त तीस-एकतीस महिने उशिरा. भारताने पीसीटीत प्रवेश केला ७ डिसेंबर १९९८ ला, त्यामुळे १९९० च्या दशकापासून मालिका काढणाऱ्यांनी तिथे एक खूण करावी.

४. प्रदेशांची यादी स्वतः बनवा

वायपो संयुक्त राष्ट्रांचे भौगोलिक प्रदेश वापरते, वर्ल्ड बँकेचे प्रदेश वेगळे आहेत. इराण एकीकडे दक्षिण आशियात, दुसरीकडे मध्यपूर्वेत. तुर्कस्तान भूगोलाने आशियात मोजला जातो, पण ईपीओचा सदस्य आहे. सायप्रसचंही तसंच. शिवाय वायपोच्या आकडेवारीत तैवान वेगळं येत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये तैवानचं काम मोठं असल्याने 'आशिया' लिहिताना ही उणीव तळटीपेत सांगितलीच पाहिजे.

देशांची एक यादी करा, प्रत्येकासमोर तुमचा प्रदेश लिहा आणि लोकसंख्या, जीडीपी, अर्ज या तिन्ही तक्त्यांना तीच यादी एक्सेलच्या व्हीलुकअप सूत्राने लावा. अर्ज एका यादीने आणि लोकसंख्या दुसऱ्या यादीने घेतली की दर लाख माणशी आकडा निरर्थक होतो.

आशियाला एकसंध समजण्याचा मोह आवरा. २०२३ मध्ये जगभरात सुमारे ३५.५ लाख पेटंट अर्ज झाले आणि त्यातले सुमारे १६.८ लाख एकट्या चीनच्या कार्यालयात, म्हणजे जवळजवळ ४७ टक्के. आशियातल्या सगळ्या कार्यालयांचा वाटा ६८.७ टक्के होता. चीन वेगळा काढून 'उरलेला आशिया' असा स्वतंत्र स्तंभ केला नाही, तर भारत, जपान, कोरिया यांची खरी हालचाल त्या डोंगराआड जाते.

५. युरोपची गाठ

सगळ्यात जास्त वेळ इथे जाईल आणि तो द्यावाच लागेल. जर्मनीतल्या कंपनीपुढे घरचे दोन दरवाजे असतात: म्युनिकमधलं जर्मन कार्यालय आणि म्युनिकमधलंच ईपीओ. ईपीओचे ३९ सदस्य देश आहेत आणि त्याने पहिले अर्ज १९७८ मध्ये घेतले. २०२३ मध्ये जर्मनीतून ईपीओकडे जवळजवळ २५ हजार अर्ज गेले. नुसतं जर्मन कार्यालय पाहिलंत तर हे सगळे निसटतात.

बरं, दोन्ही मिळवले तर? तर एकच शोध दोनदा मोजला जाण्याची शक्यता. अनेक कंपन्या आधी जर्मन कार्यालयात अर्ज करतात आणि बारा महिन्यांच्या आत तोच शोध ईपीओकडे नेतात. चीन, जपान, कोरिया, भारत यांचं ईपीओसारखं सामायिक कार्यालय नाही, त्यामुळे अशी दुहेरी नोंद तिथे होत नाही.

वायपोचा तोडगा असा: सदस्य देशातल्या रहिवाशाने ईपीओकडे अर्ज केला, तर देशवार मोजणीत तो एक निवासी आणि एक परदेशातला अर्ज असा धरायचा. याला 'समतुल्य मोजणी' म्हणतात. वर्ल्ड बँकेच्या निवासी अर्जांच्या मालिकेत मात्र राष्ट्रीय कार्यालयातलेच अर्ज असतात. जर्मनीचा वर्ल्ड बँकेतला आकडा आणि वायपोच्या समतुल्य मोजणीतला आकडा जुळत नाही, त्याचं कारण हे. चूक कोणाचीच नाही.

व्यवहारात काय करायचं? युरोपसाठी तीन स्तंभ ठेवा. पहिल्यात फक्त राष्ट्रीय कार्यालयांतले निवासी अर्ज. दुसऱ्यात ईपीओकडचे सदस्य देशांतल्या रहिवाशांचे अर्ज. तिसऱ्यात दोन्हींची बेरीज. लेखात पहिला हा खालचा आणि तिसरा हा वरचा अंदाज म्हणून द्या. एकच आकडा हवा असा आग्रह असेल, तर पेटंट कुटुंबं मोजा, म्हणजे एका शोधाचे सगळे अर्ज एकत्र धरून एक. पण मग सगळ्याच प्रदेशांसाठी कुटुंबंच मोजावी लागतात.

आफ्रिकेत याहून वेगळा प्रकार आहे. कॅमेरूनमधल्या याउंदे इथल्या ओएपीआय या सामायिक बौद्धिक संपदा कार्यालयाकडे केलेला एक अर्ज त्याच्या १७ सदस्य देशांत लागू होतो आणि समतुल्य मोजणीत तो सदस्यसंख्येने गुणला जातो. हा गुणाकार लक्षात न घेता आफ्रिकेची 'वाढ' छापली की आकडा फुगलेला निघतो.

६. 'पेटंट' शब्दाखाली काय काय आहे

चीनमध्ये शोध, उपयुक्तता नमुना (छोट्या सुधारणांना मिळणारं कमी मुदतीचं संरक्षण) आणि डिझाइन या तिन्हींना कायद्यात पेटंटच म्हणतात. उपयुक्तता नमुन्यात सखोल परीक्षण होत नाही आणि २०२३ मध्ये असे अर्ज ३० लाखांच्या आसपास होते. म्हणून चिनी बातमीतला 'पेटंट' आकडा उचलू नका, फक्त शोधाच्या पेटंटांचा घ्या. उपयुक्तता नमुने जर्मनी, जपान, कोरिया आणि ब्राझीलमध्येही आहेत. भारत आणि अमेरिकेत ते नाहीत. अमेरिकेत डिझाइनलाही पेटंट म्हणतात, तेही वगळा.

प्रोव्हिजनल अर्जाचा, म्हणजे शोधाचा पूर्ण तपशील नंतर देण्याच्या बोलीवर आधी केलेल्या अर्जाचा, घोळ सहज लक्षात येत नाही. अमेरिकेतले प्रोव्हिजनल अर्ज या आकडेवारीत धरत नाहीत. भारतात प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन देऊन केलेल्या अर्जालाही अर्ज क्रमांक मिळतो आणि बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे पूर्ण तपशील, त्याच क्रमांकावर येतं. पुढे कम्प्लीट आलंच नाही तरी तो अर्ज त्या वर्षीच्या मोजणीत आधीच शिरलेला असतो.

७. मालिका कुठे तुटते

चीनने २०१७ पासून ज्यांचं अर्जशुल्क जमा झालं तेच अर्ज मोजायला सुरुवात केली, त्यामुळे त्याआधीचं आणि नंतरचं वर्ष थेट जोडू नये. २०२१ मध्ये तिथल्या कार्यालयाने अर्जाच्या टप्प्यावरची सरकारी अनुदानं जूनअखेर बंद करायला सांगितलं आणि मंजुरीनंतरची अनुदानं २०२५ पर्यंत संपवायचं ठरवलं. चीनचा आलेख वाचताना या दोन वर्षांवर उभ्या तुटक रेषा काढून ठेवा.

जपानमध्ये २००१ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ ४.४ लाख अर्ज होत होते, २०२३ मध्ये ते ३ लाखांवर आले. हा आलेख पाहून 'जपान मागे पडला' असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. तिथे १९८८ पर्यंत एका अर्जात अनेक दावे (नेमकं कशावर संरक्षण हवं ते सांगणारी कलमं) घालण्यावर बरीच बंधनं होती, म्हणून अर्जांची संख्या मुळातच मोठी होती. पुढे कंपन्यांनी संख्या कमी करून निवडक अर्ज करायचं आणि तेच बाहेरच्या देशांत न्यायचं धोरण धरलं. घसरणीमागे कारण शोधल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

८. वर्ष कोणतं?

वायपो, चीन, जपान, ईपीओ यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपलं एप्रिल ते मार्च. अमेरिकेच्या कार्यालयाचे वार्षिक अहवाल ऑक्टोबर ते सप्टेंबरचे. भारतात २०२२-२३ मध्ये ८२,८११ अर्ज झाले आणि २०२२ या कॅलेंडर वर्षात ७७,०६८. तुलनेसाठी सगळीकडे कॅलेंडर वर्ष घ्या आणि आर्थिक वर्षाचे आकडे फक्त भारताच्या आतल्या तपशिलासाठी ठेवा.

स्वतः पेटंट डेटाबेसमध्ये शोध मारून मोजणी करणार असाल, तर शेवटचे अठरा महिने कापून टाका. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्याआधी तो इनपासवर (भारतीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन शोधसेवेवर) किंवा दर शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये दिसत नाही. आलेखाच्या शेवटी दिसणारी कोसळलेली रेघ बहुतेक वेळा याच कारणाने असते. भारतात फॉर्म ९ भरून अर्ज लवकर प्रसिद्ध करता येतो आणि शिक्षणसंस्था तो सर्रास भरतात. त्यामुळे ताज्या महिन्यांत कॉलेजांचा वाटा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

९. वाढीचा दर आणि दरडोई आकडा

वार्षिक सरासरी चक्रवाढ दर काढण्याचं सूत्र: शेवटचा आकडा भागिले पहिला आकडा, त्याचं वर्षसंख्येइतकं मूळ, वजा एक.

भारतात २०१३-१४ मध्ये एकूण ४२,९५१ अर्जांपैकी १०,९४१ देशी होते. २०२२-२३ मध्ये देशी ४३,३०१. नऊ वर्षांचा दर निघतो १६.५ टक्के. याच काळात परदेशी अर्जदारांचे अर्ज ३२,०१० वरून ३९,५१० झाले, म्हणजे वर्षाला जेमतेम २.४ टक्के. आपल्या कार्यालयातली सुमारे ८१ टक्के वाढ देशी अर्जदारांची आहे, आणि एकूण आकडाच पाहणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. आता फक्त शेवटचं वर्ष घ्या: २०२१-२२ मधले २९,५०८ देशी अर्ज एका वर्षात ४३,३०१ झाले, वाढ ४६.७ टक्के. बातमीला हा आकडा मोहक वाटेल. पण तो एकटा देऊ नका, नऊ वर्षांच्या दरासोबत द्या.

प्रदेशाचा दर काढताना देशांच्या दरांची सरासरी घ्यायची नाही. आधी बेरीज, मग दर. नाहीतर ४० अर्जांवरून ८० वर गेलेला छोटा देश चीनच्या बरोबरीने तोलला जातो.

दर दहा लाख लोकसंख्येमागे निवासी अर्ज काढले की चित्र पार बदलतं. २०२३ साठी कोरिया साडेतीन हजारांहून वर, चीन हजाराच्या थोडा वर, भारत सुमारे ३५. आलेखात हे तिघे एकत्र ठेवायचे तर लॉग स्केल, म्हणजे दर पायरीला दहापट वाढणारी मोजपट्टी, लागतो, किंवा पहिलं वर्ष १०० धरून निर्देशांक काढावा लागतो.

१०. भारताच्या रेषेखाली काय आहे ते लिहा

२०२१ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षणसंस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. ऑनलाइन अर्जाला मोठ्या कंपनीला ८,००० रुपये लागतात, संस्थेला, स्टार्टअपला किंवा व्यक्तीला १,६००. शिवाय एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत प्रसिद्ध आणि मंजूर पेटंटांना गुण आहेत. अर्ज स्वस्त, प्रसिद्धीला गुण, मग अर्ज वाढणारच. ही वाढ खोटी नाही, पण ती सगळी बाजाराकडे जाणारीही नाही.

म्हणून अर्जांच्या सोबत एक दुसरा स्तंभ ठेवा: परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी तिची मुदत ३१ महिने आहे, त्याआधीच्यांसाठी ४८. विनंती केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. अर्जदाराने पुढचे पैसे भरले की नाही, हे अर्जाच्या संख्येपेक्षा जास्त बोलकं आहे. ब्राझीलमध्ये निवासी अर्ज पाचात एकाच्या आसपास आणि मेक्सिकोत दहात एकही जेमतेम असतो. त्यांच्याशी तुलना करून २०२३ चा भारताचा ५५.२ टक्के निवासी वाटा मिरवण्याआधी हा स्तंभ तपासाच.

११. आलेखाखालची तळटीप

आलेख देताना खाली पाच गोष्टी लिहा: कोणती मोजणी (कार्यालय, अर्जदाराचा देश की समतुल्य), कोणतं वर्ष, प्रदेशांची यादी कोणाची, कोणते देश गाळले, डेटा कोणत्या तारखेला उतरवला. शेवटची तारीख विसरू नका. वायपोचा अहवाल साधारण नोव्हेंबरमध्ये येतो आणि कार्यालयं मागच्या वर्षांचे आकडेही दुरुस्त करतात. नवा अहवाल आला की फक्त नवीन वर्षाची ओळ जोडू नका, संपूर्ण मालिका पुन्हा उतरवा आणि जुन्या फाइलशी ओळीनुसार ताडून पाहा. जिथे दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला असेल, ती ओळ व्याख्यांच्या शीटमध्ये तारखेसह नोंदवा.